तसेच ठेवा

गेली २३ वर्षं मी प्रूफं तपासते. शाळेची गाइडं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेत चूक राहिली तर वधूपिता स्वतः जिना चढून येतो, म्हणून तिथे मी सगळ्यात जपून असते. कवितांच्या बाबतीत इतकी जपून कधीच नव्हते. कवी काही जिना चढून येत नाहीत.

तरी एकदा फोन आलाच. एका गाइडात बालकवींची ‘औदुंबर’ होती. मूळ प्रतीत ‘हिरवी गरदी पुढे’ असं होतं. मी त्या ‘गरदी’वर लाल रेघ मारली आणि समासात ‘गर्दी’ लिहिलं. प्रमाणलेखन, दुसरं काय. गाइड छापून गेलं. दीडेक महिन्यानं प्रकाशकाकडून माझा नंबर मिळवून मराठीच्या एका निवृत्त शिक्षकांनी फोन केला. चिडलेले अजिबात नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, “बाई, ती ओळ तुम्ही मोठ्यानं म्हणून पाहिलीत का?”

पूर्वी आम्ही जोडीनं प्रूफं वाचायचो. एकीनं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसरीनं प्रुफावरून बोट फिरवायचं. आता तेवढी माणसं कोण ठेवतो? मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, “मग आता म्हणा.” मागे मशीन धडधडत होतं. एका कानात बोट घालून मी म्हटली. “आता तुमचा शब्द घालून म्हणा.” तशीही म्हटली. फरक पडत होता, पण काय पडत होता ते सांगता येईना. तेव्हा त्यांनी रविवारी घरी बोलावलं. त्यांच्याकडे चार-पाच जण जमतात म्हणाले, काहीबाही वाचतात. मी गेले ती निम्मी अपराधीपणानं आणि निम्मी मी चुकले नव्हते हे सिद्ध करायला. सोबत शुद्धलेखनाच्या नियमांचं पुस्तक नेलं होतं. ते पिशवीतून बाहेर काढायची वेळ आली नाही.

सरांनी फळ्यावर मात्रा मांडल्या. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात आला तर त्याच्याही दोन. ‘गरदी’च्या चार होतात आणि ‘गर्दी’च्याही चारच. मी मनात म्हटलं, झालं, जिंकले! पण मग त्यांनी ‘हिरवी’ मांडला: एक, एक, दोन. त्याखाली ‘गरदी’: एक, एक, दोन. दोन्ही शब्द एकाच चालीनं पावलं टाकतात. माझ्या ‘गर्दी’नं बेरीज राखली होती, चाल मोडली होती. फोनवर कानाला कळलं होतं आणि तोंडाला सांगता येत नव्हतं, ते हे. सांगता न येणारं सांगता येईपर्यंत बघत बसायचं, हाच त्या रविवारांचा सगळा उद्योग होता हे पुढे कळलं. त्या दिवशी मात्र मी फक्त खट्टू होऊन घरी आले.

कविता कशी वाचतात हे मला येत होतं असं मी धरून चालले होते. शाळेत रसग्रहणाला मला कायम चांगले गुण. ‘कवीने निसर्गाचे मनोहारी शब्दचित्र रेखाटले आहे’ हे वाक्य मी किती कवितांखाली लिहिलं असेल, गणती नाही. पुढे प्रूफं तपासताना तेच वाक्य गाइडांत शेकडो वेळा भेटलं आणि मी त्यातला ‘मनोहारी’ ऱ्हस्व-दीर्घ तपासून सोडून दिला. सरांच्या खोलीत कपाटावर चहापत्तीचा एक रिकामा डबा होता. ‘सुंदर’, ‘मनोहारी’, ‘प्रतीक’ आणि ‘कवीला असं म्हणायचं आहे’ यांपैकी काहीही तोंडातून निघालं की डब्यात एक रुपया टाकायचा. पहिल्या महिन्यात चहाचा सगळा खर्च मीच केला.

मग उरलं काय बोलायला? जे कागदावर आहे ते. आठ ओळी आहेत, त्यांत काय काय आहे ते फक्त सांगा. मला हे पोरकट वाटलं. पण माझ्या धंद्यात एक युक्ती आहे. मजकूर फार ओळखीचा असला की डोळा चुकांवरून घसरतो, कारण पुढे काय येणार हे मनानं आधीच वाचून टाकलेलं असतं. अशा वेळी ओळ शेवटून सुरुवातीकडे वाचायची, एकेक शब्द सुटा. अर्थ लागत नाही, म्हणून अक्षरं दिसतात. ‘औदुंबर’ मी तशी उलटी वाचायला घेतली. तिसरीपासून पाठ असलेली कविता मला त्या दिवशी पहिल्यांदा अक्षरशः दिसली.

आधी रंग मोजले. हिरवा तीनदा आहे: ‘हिरवाळी’, ‘हिरवी’, ‘हिरव्या’. झरा निळासांवळा. पांढरी एकटी पायवाट. आणि काळा दोनदा, तोही शेवटच्या तीन ओळींत: ‘काळ्या डोहाकडे’ आणि ‘गोड काळिमा’. मग माणसं मोजली. एकही नाही. ‘चार घरांचे गाव’ आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसाच्या खुणा सगळीकडे आहेत, माणूस कुठेच नाही. मग क्रियापदं. झरा वाहतो, वाट पडते, वाट चालते, काळिमा पसरतो. चालायचं काम वाटच करते. बसलेला फक्त एक.

आणि मग ‘पाय’. तो मला उलट वाचल्यामुळेच सापडला, त्याचा मला अजून अभिमान आहे. आठ ओळींत ‘पाय’ दोनदा येतो. एकदा ‘पायवाट’ या शब्दात दडलेला, एकदा ‘पाय टाकुनी जळात’ असा उघड. ती वाट काळ्या डोहाकडे जाते आणि तिथे कुणीतरी पाय टाकून बसलेलं आहे. सर खुर्चीतून अर्धवट उठले. “हे मला ठाऊक नव्हतं,” म्हणाले. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी ती कविता शिकवली होती.

शेवटच्या ओळीवर आम्ही तीन रविवार घालवले. ‘पाय टाकुनी जळात बसला’ इथे सोळा मात्रा होतात आणि श्वास थांबतो. त्या थांब्यावर ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस. एखादं पोर असेल, गुराखी असेल, कुणी संन्यासी असेल. मग ‘असला’, आणि सगळ्यात शेवटी ‘औदुंबर’. झाड! ‘बसला’ आणि ‘असला’ यांत एका अक्षराचा फेर, आणि चाल पुन्हा तीच: एक, एक, दोन. पण ‘असला’ म्हणजे नेमका कसला? इथे जमलेल्यांत भांडणं झाली. एक काका म्हणाले, असला म्हणजे असा, इतका शांत, विरक्त, औदुंबर म्हटल्यावर दत्त आलेच. बँकेतल्या एक बाई म्हणाल्या, आपण बोलताना ‘असला’ कधी म्हणतो? ‘असला कसला गं तुझा नवरा!’ त्यात थोडी कुरकूर असते, थोडं नवल असतं. मग हे झाड विरक्त की कवीला त्याचं कोडं पडलंय? सरांनी निकाल दिला नाही. त्यांनी फक्त विचारलं की ‘असला’ऐवजी ‘ऐसा’ घातलं तर काय जाईल, आणि आम्ही तासभर ते काय जाईल ते शोधत बसलो. गोड काळिमा म्हणजे मृत्यू, असं मी एकदा म्हणाले. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय २७, हे कुठेतरी डोक्यात होतं. सरांनी डब्याकडे बोट दाखवलं. कवीचं मरण कवितेत नाही, ते तुम्ही बाहेरून आणलंत, काळिमा मात्र आहे आणि तो गोड आहे, त्या ‘गोड’चं काय करणार ते सांगा. मी रुपया टाकला. ‘गोड’चं काय करायचं ते मला अजून नीटसं जमलेलं नाही.

पावसाळ्यानंतर सरांनी कवितेची वही मिटायला लावली. कोरे कागद वाटले आणि म्हणाले, राजा रविवर्मा यांची लक्ष्मी काढा, आठवेल तशी. सगळे हसलो. घराघरांत असलेलं चित्र. आमच्या देवघरात तर ते सासूबाईंनी माहेरून आणलेलं, अस्सल जुनं म्हणून काचेत मढवलेलं, रोज सकाळी मी त्याला हळदकुंकू लावते. चित्रकला बेताची असली तरी काय आहे ते मांडायला हरकत नव्हती. कमळ काढलं, चार हात काढले, एका हातातून खाली पडणारी सोन्याची नाणी काढली. पाचही जणांनी नाणी काढली होती. सरस्वतीला हंस द्यायचा म्हणून लक्ष्मीला कुणीच दिला नव्हता.

घरी येऊन देवघरापुढे बसले. नाणी नाहीत. एकही नाही. वरच्या हातांत कमळं आहेत, हत्ती सोंडेनं माळ धरतोय, आणि पाण्यात हंस आहे, जो मी सरस्वतीचा म्हणून राखून ठेवला होता. (रविवर्म्यांच्या सरस्वतीजवळ मोर आहे, हे त्यानंतर पाहिलं.) नाण्यांचा पाऊस पुढच्या कॅलेंडरांतला, तो मी या चित्रावर परस्पर पाडला होता. इतकी वर्षं रोज त्या चित्रासमोर डोळे उघडे ठेवून मी दुसरंच चित्र बघत होते. ‘गरदी’च्या जागी ‘गर्दी’ दिसावी तसंच झालं हे.

एक गोष्ट मात्र मी आपली आपण केली. प्रेसमधलं भिंग पर्समध्ये होतं, ते काचेवर टेकवलं. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, नंतर मळवलीला हलला, आणि तिथे चित्रं दगडावरून छापत: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि छटा कारागिरानं हातानं टिंबं टिंबं देऊन साधलेल्या. अशा छपाईत टिंबं मोहरी सांडावी तशी अनियमित दिसतात. सरांकडच्या एका फाटक्या चित्रात ती मी पाहिली होती. आमच्या लक्ष्मीच्या गालावर मला चार रंगांच्या ठिपक्यांची आखीव फुलं दिसली. ऑफसेट. हातच्या टिंबांचा मागमूस नाही. माझ्याच प्रेससारख्या कुठल्या तरी प्रेसमध्ये छापलेली नक्कल. मागून सासूबाईंनी विचारलं, काय गं बघतेस? डाग पडलाय का ते बघत होते म्हटलं, आणि भिंग पर्समध्ये टाकलं.

जानेवारीत आम्ही लोणावळा लोकलनं मळवलीला उतरलो. छापखाना बघायला नाही. सकाळी भाजे, जेवण करून कार्ले. लेणी मी दोनदा पाहिली होती, एकदा शाळेच्या सहलीत आणि एकदा एकवीरेला नवस फेडायला आलेल्या नात्यातल्या लोकांबरोबर. दुसऱ्या खेपेला तर देवळाला खेटून असलेल्या लेण्यात मी चपला सांभाळत बसले होते.

भाज्याच्या चैत्यगृहात शिरताच मला खटकलं. खांब वाकडे आहेत. साधे अष्टकोनी २७ खांब, वर जाताना आत झुकलेले. एखादा असता तर सोडून दिलं असतं, पण सगळेच. मी म्हटलं, काम नीट जमलेलं दिसत नाही. डबा सोबत नव्हता म्हणून वाचले. सर म्हणाले, हे घर लाकडाचं असतं तर? लाकडी कमानीचं छत खांबांना बाहेर रेटतं, म्हणून खांब आत कलते रोवायचे. पण इथे डोंगर पोखरलाय. काही उभारलेलंच नाही, सगळं काढून टाकून उरलेलं आहे, तर रेटणार कोण? म्हणजे ज्याची गरज नाही तो कल दगडात जसाच्या तसा कोरलेला. माझ्या तोंडून निघालं, “मक्षिकास्थाने मक्षिका.” मूळ पोथीत माशी चिकटून मेलेली दिसली म्हणून नकलेतही माशी मारून चिकटवणारा लेखनिक आमच्या धंद्यात फार प्रसिद्ध आहे. सरांना ते आवडलं, पटलं मात्र नाही. दर्शनी बाजूला दगडात खाचा आहेत, तिथे खरोखरच्या लाकडाची चौकट बसवलेली होती. माश्या मारणारा माणूस इतक्या नेमक्या खाचा पाडत नाही, म्हणाले.

ते उत्तर कार्ल्याला मिळालं, किंवा मला मिळाल्यासारखं वाटलं. भाज्यानंतर साधारण दोन-अडीचशे वर्षांनी कोरलेलं हे चैत्यगृह. इथे खांब सरळ उभे आहेत. दगडाला कल नको हे एव्हाना कळलेलं होतं. पण वर बघितलं तर छताला लाकडाच्या कमानी. कोरलेल्या नाहीत, खऱ्या लाकडाच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या कशालाही आधार देत नाहीत, त्यांचा भार उलट दगडावरच आहे. कल सोडला आणि कमानी ठेवल्या! म्हणजे कोरणारा आंधळा नव्हता. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तो ठरवत होता. त्या फासळ्यांशिवाय ही जागा पोकळ डोंगर वाटली असती, त्यांच्यामुळे सभागृह वाटते. निदान मला तसं वाटलं, आणि एक रुपयाही न भरता वाटलं.

सरांनी नेहमीप्रमाणे मोजायला लावलं, या वेळी खांब. बँकवाल्या बाई ३७ म्हणाल्या, मी ४१. पुन्हा मोजलं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, स्तूपाच्या मागे सात, झाले ३७. मी दारालगतच्या सज्जाखालचे चारही धरले होते. पण या मोजामोजीत स्तूपामागचे सात हाताला लागले. बाजूच्या तीस खांबांचा थाट मोठा आहे. तळाशी घट, वर घंटेसारखं शीर्ष, त्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती आणि हत्तींवर जोडपी. मागचे सात नुसते अष्टकोनी. घट नाही, शीर्ष नाही, काही नाही. अंधारात आहेत, स्तूपाआड आहेत, समोरून दिसत नाहीत म्हणून? मग बाजूच्या खांबांचं काय? त्यांच्यावर मंडपाच्या बाजूला हत्ती आहेतच, पण आडबाजूला, प्रदक्षिणेच्या अरुंद वाटेकडे तोंड करून घोडेही आहेत. तिथे कोण वर मान करून बघतं? बघणाऱ्यासाठीच कोरायचं असतं तर घोडे का, आणि बघणाऱ्यासाठी नसतं तर ते सात खांब उघडे का? यावर आमचं एकमत झालं नाही. परतीच्या लोकलमध्येही झालं नाही.

दर्शनी भिंतीवर मोठाली जोडपी कोरलेली आहेत. आम्ही वह्या काढून ती कुठल्या पायावर भार देऊन उभी आहेत वगैरे लिहीत होतो. एकवीरेच्या दर्शनाहून आलेल्या एक कोळी आजी आमच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, कमरेला गाठ मारलेलं लुगडं, अंबाड्यात फूल. त्यांनी मिनिटभर बघितलं आणि बरोबरच्या सुनेला म्हणाल्या की हिच्या पायातले वाळे बघ केवढे जड आहेत, हे घालून बाई चालायची कशी? आम्ही पाच जणांनी अर्धा तास त्या बाईकडे पाहिलं होतं आणि वाळ्यांचं वजन कुणाच्याच वहीत नव्हतं.

ओसरीत एक लेख आहे, ब्राह्मी लिपीतला. सरांनी बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत वाचून दाखवला. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठनं हे शैलगृह पुरं केलं, आणि शेवटी दोन शब्द: ‘जंबुदीपम्हि उतमं’. जंबुद्वीपात उत्तम. स्वतःच्या कामाला इतकं बिनधास्त प्रशस्तिपत्र मी तरी कुठल्याच अहवालात पाहिलेलं नाही. पण माझं लक्ष दुसरीकडे. “उत्तमं हवं ना? एक त गळलाय,” मी म्हटलं. हात आपोआप वहीच्या समासात गेला, काकपदाची खूण करायला. सर हसायला लागले. त्या काळच्या या लेखांत अक्षराचं द्वित्त लिहीतच नसत. बोलताना ‘उत्तमं’, कोरताना ‘उतमं’. वाचणाऱ्यानं भरून घ्यायचं. मी पुन्हा वर बघितलं. ‘सेठिना’, तिथेही तसंच. पद्धतच आहे ती. जे मला चूक म्हणून दिसलं होतं, ते दोन हजार वर्षांपूर्वीचं त्यांचं शुद्धलेखन होतं.

कार्ल्याचं लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. चार वाजून गेले तसा वरच्या मोठ्या गवाक्षातून उजेड आत सरकू लागला आणि फासळ्यांच्या सावल्या छतावर लांब झाल्या. मी काही लिहिलं नाही. रखवालदार शिट्टी मारेपर्यंत बसून राहिले.

गेल्या महिन्यात नवीन आवृत्तीची प्रूफं टेबलावर आली, तेच गाइड. ‘औदुंबर’ पान ४२ वर. यावेळी डीटीपीवाल्या मुलानं मागची छापील आवृत्ती समोर ठेवून मजकूर टाइप केला होता, त्यामुळे ‘गर्दी’, माझीच. मी ती खोडून ‘गरदी’ केलं आणि प्रूफ खाली पाठवलं. तासाभरात तो वर आला. मॅडम, सॉफ्टवेअर याला चूक दाखवतंय, लाल रेघ येतेय, तुम्हीच मागच्या वेळी सुधारलं होतं, मी फाइल बघितली. मी त्याला खुर्ची दिली आणि म्हटलं, ओळ मोठ्यानं म्हण. तो लाजला. कॉलेजात आहे अजून. हळूच म्हणाला, एकदा माझ्या शब्दानं, एकदा बालकवींच्या. मग काही न बोलता प्रूफ उचललं. जाताना विचारलं की पण समासात काय लिहू, शेवटचं प्रूफ दुसरं कुणी बघितलं तर ते परत बदलतील.

मी प्रूफ परत घेतलं, ‘गरदी’खाली टिंबांची ओळ दिली आणि समासात लिहिलं: तसेच ठेवा.